एक वीत कमी

"बंदीनंतरच्या वर्षांत आपल्या बंदरातून झालेल्या कठीण लाकडाच्या निर्यातीत दिसणारी वाढ ही वास्तविक नसून आभासी आहे. बंदीच्याच वर्षी मोजणीची पद्धत बदलली, आणि एका खाजगी वखारीतील मोजणीदाराच्या निष्काळजीपणामुळे नव्या पद्धतीचे आकडे अवाजवी फुगले. वरच्या देशातून लाकूड चोरट्या मार्गाने आल्याचा कोणताही पुरावा आयोगासमोर आला नाही."

चौकशी आयोगाच्या अहवालातला हा परिच्छेद प्राध्यापिकेने दोनदा वाचला. एकदा मनात आणि एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असा. वखारीच्या माडीवरच्या कार्यालयात दुपारचे दोन वाजले होते. वकील चारला येणार होता. त्याच्यासाठी टेबलावर एक टंकलिखित कागद तयार होता: 'मी, खाली सही करणारा, सदर वखारीचा तत्कालीन मोजणीदार, माझ्याकडून मोजणीत निष्काळजीपणा झाल्याचे मान्य करतो.' सहीची जागा रिकामी होती. सही करायची होती तिच्या वडिलांनी. ते खिडकीपाशी बसून खिडकीच्या चौकटीची रुंदी बोटांनी मापत होते.

"वाचून झालं?" थोरल्या काकांनी विचारले.

"वाचून झालं. आता तपासून होऊ दे."

"तपासायला आयोग होता. अडीच वर्षं तपासलं त्यांनी. तुझं विद्यापीठ त्यांच्यापेक्षा मोठं का?"

"नाही काका. पण आमच्याकडे भागाकार शिकवतात."

तिने पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. त्या टेबलाचा माथा एकाच फळीचा होता, अडीच हात रुंद. इतके रुंद झाड आता दोन्ही देशांत उभे नाही. गुंडाळीवर चाळीस वर्षांच्या दोन रेघा होत्या. काळी वरच्या देशाची, जिथे जंगल होते. लाल खालच्या देशाची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या, जिथे नदी समुद्राला मिळत होती आणि बंदर होते. पहिली नऊ वर्षे काळी रेघ वर, लाल खाली, अशा दोघी शेजारणींसारख्या चालल्या होत्या. दहाव्या वर्षी वरच्या देशाने अख्खे ओंडके बाहेर विकायला बंदी घातली. काळी रेघ त्या वर्षी शून्यावर आपटली, आणि लाल रेघ त्याच वर्षी उठून काळीच्या जागी जाऊन बसली.

"पूर्वी लाकूड चौथाई घेराने मोजत," ती म्हणाली. "ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळायची, तिचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. यात सालीची आणि वाकडेपणाची सूट धरली जायची, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी यायचा. नव्या पद्धतीत खरं घनफळ धरतात. शंभरचे सव्वाशेच्या जरा वर होतात. इथपर्यंत आयोग बरोबर आहे."

"मग झालं तर."

"आपलं बंदर बंदीआधी वर्षाला पंधरा हजार घनमीटर पाठवायचं. नव्या मापाने त्याचे एकोणीस हजार होतात. अहवालात आकडा आहे अठ्ठ्याहत्तर हजार. मोजणी बदलल्यामुळे पंधराचे एकोणीस होतात, अठ्ठ्याहत्तर होत नाहीत. त्यासाठी कायदा होताच झाडांना जाड व्हावं लागेल."

आत्या हसली नाही, पण तिने चष्मा पुसायला घेतला. गेली चाळीस वर्षे वखारीचा सगळा पत्रव्यवहार तीच टंकलिखित करत होती; समोरचा कबुलीचा कागदही तिचाच होता.

"आणि वरच्या देशाचे अठ्ठेचाळीस हजार नव्या मापाने होतात एकसष्ट," प्राध्यापिका पुढे म्हणाली. "एकसष्ट आणि एकोणीस, ऐंशी. बंदीनंतर वरचे शून्य, आपण अठ्ठ्याहत्तर. दोन देशांची मिळून बेरीज जवळपास तेवढीच राहिली. फक्त झाडाचं नागरिकत्व बदललं. आता आपल्या वनखात्याची तेव्हाची मोजदाद बघा. बंदीनंतरच्या दहा वर्षांत आपलं जंगल एका एकरानेही कमी झालेलं नाही. चौपट लाकूड विकलं आणि झाड एकही पडलं नाही. याला आयोग 'आभासी वाढ' म्हणतो. समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकांनी या आभासाच्या पायऱ्या करून घेतल्यात आणि त्यावरून ते रोज चढतात."

"बंदरावर वखार काय आपली एकच होती?" थोरले शांतपणे म्हणाले. "तू देशाचा हिशेब मांडतेस, मला घराचा सांग. परवाना सोमवारी संपतो. खाली बेचाळीस माणसं कामाला आहेत. तुझ्या बापाने, टेपने, सही केली की आयोग फाईल बंद करतो. त्याच्यावर खटला नाही, वय झालंय म्हणून. कोणाचंच काही जात नाही."

"बाबांचं जातं."

"त्याचं काय जायचंय? एकतीस वर्षांपूर्वीच त्याला मोजणीवरून काढलं. सगळ्या बंदराला माहीत आहे."

ते सगळ्या बंदराला माहीत होते, कारण सगळ्या बंदराला ते सांगितले गेले होते.

*

थोरल्यांचा मुलगा, जो आता खालची सॉमिल चालवत होता, हात पुसत वर आला आणि दारातच उभा राहिला. त्याच्या भुवयांवर भुसा होता. "टेपकाका, सही झाली का? मला सोमवारी पट्टा बदलायचाय आरीचा. परवाना असेल तर बदलतो, नाहीतर उगाच कशाला."

"करतो रे," खिडकीपाशी बसलेला म्हातारा म्हणाला. "केलीच असेल चूक. मी कुठे नाही म्हणतोय."

टेप हे त्याचे नाव नव्हते. पण विशीपासून त्याच्या कमरेला टेप होती आणि सत्तरीतही होती. एके काळी बंदरावरचे लोक पैज लावत, की हा माणूस ओंडक्याकडे नुसते बघून घेर सांगेल, आणि सांगितलेला घेर बोटभरही चुकणार नाही. तो चुकत नसे. म्हणून लोकांनी पैज लावणे सोडून दिले. पुढे तो चुकू लागला, असे ठरले.

ते कसे ठरले, हे त्याला अजून नीट आठवत होते, आणि आठवण्याचा त्याला काही उपयोग नव्हता. बंदी येऊन चार महिने झाले होते. संध्याकाळी नदीवरून एक बार्ज आला. दादा म्हणाला, आपल्याच देशातला, दक्षिणेकडच्या टेकड्यांवरचा माल आहे. टोके तडकू नयेत म्हणून ओंडक्यांना डांबर फासले होते, नेहमीसारखेच. त्याने उजेड जायच्या आत एक्केचाळीस ओंडके मोजले आणि खिशातल्या वहीत लिहिले. सकाळी रचून ठेवताना सवयीने पुन्हा मोजले. प्रत्येक ओंडका एक वीत कमी भरला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. डांबर बोटाला लागले.

तो दादाकडे गेला. दादा म्हणाला, तू चुकलास, आणि डांबर दवाने ओलं झालंय. पुढच्या बार्जला पुन्हा तेच झाले. तेव्हा दादाने त्याला स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरने पाव नंबरचा चष्मा दिला, कारण एवढ्या काळजीने भावाला घेऊन आलेल्या माणसाला काहीतरी द्यायला हवे होते. तो चष्मा त्याच्या नाकावर आजही होता. पाव नंबरचाच.

मग त्याने मोजणी सोडली, किंवा मोजणीने त्याला सोडले. घरात मात्र तो मोजत राहिला. जिना चढताना पायऱ्या, ताटाचा व्यास, मुलीची उंची महिन्यातून चारदा. उंची जुळली की त्याला बरे वाटे. पण मूल वाढते, आणि मग ती जुळत नसे.

"बाबा, वही काढा," मुलगी म्हणाली.

"अगं, ती कशाला? त्यात चुकाच आहेत."

"असू देत."

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली. तिची पाने डांबराच्या बोटांनी तपकिरी झाली होती. मुलीने वाचले: "संध्याकाळ, सहा मीटर दहा. सकाळ, पाच सत्त्याऐंशी. संध्याकाळ, पाच चौऱ्याण्णव. सकाळ, पाच एकाहत्तर. संध्याकाळ, सहा बत्तीस. सकाळ, सहा शून्य नऊ." तिने वही खाली ठेवली. "तिन्ही वेळी तेवीस सेंटीमीटर कमी. खालीही बहुतेक तेवीसच. अकरा वेळा चोवीस, चार वेळा बावीस. काका, निष्काळजी माणूस कधी जास्त चुकतो, कधी कमी. एक्केचाळीस वेळा एकाच दिशेने, एकाच मापाने चुकायला फार काळजी लागते."

"टेपचं शून्य घसरलं असेल," थोरले म्हणाले.

"रात्रीतून? आणि सकाळी कुठल्या शून्याने मोजलं मग? टेप तीच होती."

"मला नाही माहीत. मी मोजणीदार नव्हतो."

"नव्हतातच. हीच तर अडचण होती."

"तोंड सांभाळून बोल," थोरले म्हणाले. आवाज चढला नव्हता. "या वखारीवर शिकलीस तू. हे सगळे आकडे मांडायला जे पाय लागले ना, ते याच लाकडाचे आहेत."

ते खरे होते. तिने ते स्वतःच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात लिहिले होते, अर्थात वेगळ्या शब्दांत. तो प्रबंध दोन देशांच्या लाकूड व्यापारावर होता, आणि त्याच्या चारशे पानांत तिच्या घराचा उल्लेख एकदाही नव्हता. आयोगावर चिडताना ती हे विसरू शकत नव्हती.

*

आत्या इतका वेळ एकच गोष्ट आठवत होती. अडीच वर्षांपूर्वी दादाने तिच्याकडून आयोगाला पाठवायचे एक पत्र टंकलिखित करून घेतले होते. 'आमच्या मोजणीदारास वारंवार चुकांमुळे कामावरून दूर करावे लागले होते.' तिने फक्त 'वारंवार'चा अनुस्वार पाहिला होता. आयोगाला तोपर्यंत मोजणीदार ठाऊकही नव्हता. तो त्यांना घरपोच मिळाला होता.

"म्हणजे रात्रीतून कोणी टोकं कापली म्हणायचं? पण कापली कशाला असतील?" सॉमिलवाला मध्येच म्हणाला. त्याला भांडणात रस नव्हता. त्याला लाकडात रस होता. "तडकलं असलं तर चार बोटं कापतात. वीतभर? एवढ्या महागड्या लाकडाची? कोणी शहाणा माणूस..." आणि तो थांबला.

"काय झालं?" आत्याने विचारले.

"काही नाही. वाटेतल्या चकत्या वीतभर जाड आहेत."

फाटकापासून कार्यालयाच्या जिन्यापर्यंतची वाट ओंडक्यांच्या गोल चकत्यांनी बांधलेली होती. घरातल्या सगळ्यांना ती आवडे. थोरल्यांनी ती स्वतःच्या हाताने बांधली होती, सुट्टीच्या दिवशी, बाही दुमडून, आणि कोणालाही मदतीला बोलावले नव्हते. एरवी कधी कुदळ न धरलेल्या माणसाने घाम गाळून केलेली ती एकुलती गोष्ट, म्हणून मुले तिच्यावर लंगडी खेळत आणि बायका कौतुकाने बोलत. एवढे कठीण लाकूड चुलीत घालायला त्यांचे मन धजले नाही, असे सगळे म्हणत. तेही खरेच होते. दुसऱ्या कोणी ते पहिल्याच रात्री जाळून टाकले असते. वखारवाल्याला ते जमले नाही. चांगले लाकूड वाया घालवणे या घरात पाप समजले जाई, आणि बाकी बऱ्याच गोष्टी समजल्या जात नसत.

"क्रेनसाठी फाटक रुंद करताना मी एक उपटली गेल्या आठवड्यात," सॉमिलवाला बापाकडे न बघता म्हणाला. "पायवाटेला चार बोटं जाडी पुरते. म्हटलं, एवढी खोल कशाला पुरली असेल. खालून डांबर होतं. पहारीने निघालं थोडं. आत हातोड्याची खूण होती, वर्तुळात दोन उभ्या रेघा."

वर्तुळात दोन उभ्या रेघा ही वरच्या देशाच्या वनखात्याची खूण होती. झाड पाडले की ते त्याच्या टोकाला ती हातोड्याने ठोकत, आणि बंदरावरचा तपासनीस डांबर खरवडून ती शोधत असे.

"जुन्या मालाची असेल," थोरले म्हणाले. "बंदीआधीच्या."

"असेलही," मुलगा म्हणाला. "मी काय, मी पट्टा बदलणारा माणूस." पण तो दारातून बाजूला झाला, आणि बापाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहण्याऐवजी काकाच्या शेजारी गेला. "टेपकाका, चला जरा खाली."

*

ढगाळ उजेडात वाट नेहमीसारखीच दिसत होती, झिजून गुळगुळीत, मधोमध किंचित खोलगट. आयोगाचे तीन सदस्य पाहणीला आले तेव्हा याच वाटेने कार्यालयात गेले होते, आणि त्यांतल्या एकाने ती कोणी बांधली म्हणून विचारले होते. पुरावा आयोगासमोर आला नाही, हे अहवालातले सर्वांत नेमके विधान होते. तो समोर नव्हताच. तो पायाखाली होता.

सॉमिलवाल्याने उपटलेली चकती भिंतीला टेकवून ठेवली होती. प्राध्यापिकेने खाली वाकून खुणेवरून बोट फिरवले. चाळीस वर्षांच्या रेघा, दोन देश, दोन अभिलेखागारे. आणि लहानपणी ती याच चकत्यांवर एका पायाने उड्या मारत होती.

तिच्या वडिलांनी खुणेकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी गुडघे टेकले, कमरेची टेप सोडली आणि चकतीची जाडी मोजली. मग चष्मा काढून पुन्हा मोजली. मग सॉमिलवाल्याला म्हणाले, "दुसरी काढ." त्याने पहार आणली. दुसरी निघाली. तिसरी निघाली. चौथ्या चकतीनंतर म्हाताऱ्याने टेप गुंडाळली.

"तेवीस," तो म्हणाला. "तेवीस. चोवीस. तेवीस."

थोरले जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचे दोन भाऊ, आणि मध्ये चार खड्डे.

"दादा."

"बोल."

"मी बरोबर मोजलं होतं का रे?"

त्या प्रश्नात राग नव्हता. राग असता तर थोरल्यांना सोपे गेले असते. रागाला ते आयुष्यभर उत्तरे देत आले होते. इथे एक माणूस एकतीस वर्षांपूर्वीच्या सकाळी उभा होता आणि पुन्हा तेच विचारत होता, आणि उत्तर काहीही मिळाले तरी ते मान्य करायला तयार होता. 'नाही' म्हटले असते तर त्याने आताही मान डोलावली असती, हातात तेवीस धरून. थोरल्यांनी भावाच्या हातातला चष्मा पाहिला. मग मागे वळून ते जिना चढू लागले.

"दादा, उत्तर दे त्याला," आत्या खालून म्हणाली. तिने थोरल्या भावाला आवाज चढवून काही सांगितल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते. "देतोस की मी पत्र दाखवू त्याला?"

"देतो," ते वरून म्हणाले. "टंकयंत्रात कागद घाल. असं अंगणात नको. वकील यायचाय, त्याच्यादेखत होऊ दे."

वकील चारला पाच कमी असताना आला. त्याने बूट पुसले, खड्ड्यांबद्दल विचारले, आणि मग विचारले की सही तयार आहे ना. आत्याने जुना कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि यंत्रात नवा घातला. थोरले स्वतःच कबुली देणार हे कळल्यावर वकील म्हणाला की असे काही सांगण्याआधी त्याने आणि थोरल्यांनी एकट्याने बोलायला हवे. परवाना तर जाईलच, पण पुढचेही बघावे लागेल, आयोगालाही आता अहवाल फिरवणे जड जाईल. थोरल्यांनी हात वर करून त्याला थांबवले. आयोगाची काळजी त्या खोलीत करणारा तो एकटाच होता.

मोजणीदार खिडकीपाशी परत बसला होता. चष्मा त्याने खिशात ठेवला होता, आणि हात मांडीवर. त्याच्या मुलीला वाटले होते की तो आनंदेल. तो नुसता दमल्यासारखा दिसत होता, फार लांबून चालत आलेल्या आणि पोचल्यावर घर बंद असलेल्या माणसासारखा. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. गुंडाळी टेबलावर तशीच पसरलेली होती. काळी रेघ शून्यावर, लाल रेघ वर. आता ती बघायची कोणाला गरज नव्हती.

चाळीस वर्षे आत्या थोरल्या भावाची वाक्ये नीट करून लिहीत आली होती. या वेळी तिने एकही शब्द नीट केला नाही. कागदावर जे उमटले ते शब्दशः असे:

"माझ्या भावाची मोजणी बरोबर होती. पहिल्या बार्जची, दुसऱ्या बार्जची आणि तिसऱ्याचीही. लाकूड वरच्या देशातलं होतं, टोकं मी कापायला लावली, रात्री, आणि नवीन डांबर फासलं. त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर त्याने काम थांबवलं असतं, म्हणून मी म्हटलं, तू चुकलास. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याने मान खाली घातली. तिसऱ्यांदा मला म्हणावंच लागलं नाही. तो स्वतःच येऊन म्हणाला, दादा, माझं परत चुकलंय. मला ते सोयीचं झालं."